उसाचा दर

मिरजेहून कोल्हापुरास जाणाऱ्या लोहमार्गावर जयसिंगपूर हे गाव लागते. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ते वसविले. सरळ, रुंद रस्ते आणि गजबजलेली बाजारपेठ हे त्याचे भूषण होय. परंतु गळीत हंगामाच्या तोंडावर या गावास निराळेच रूप येते. स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद येथे अनेक वर्षे भरत आली आहे. त्या दिवशी शिरोळ तालुक्यातून व बाहेरूनही आलेले ऊस उत्पादक मैदानावर दाटीने बसतात आणि उतारा, टक्के, हप्ते यांचा हिशेब लक्षपूर्वक ऐकतात. शाळेची पायरी न चढलेला म्हातारा शेतकरीही त्यात मागे नसतो. सोसायटीचे कर्ज आणि लेकीचे लग्न त्या हिशेबावर अवलंबून असते ना!

कारखान्याने उसास निदान किती दर द्यावा, हे केंद्र सरकार दरवर्षी ठरविते. या रास्त व किफायतशीर दरास लोक ‘एफआरपी’ म्हणतात. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत. विलंब झाल्यास दरसाल दरशेकडा पंधरा रुपये व्याज द्यावे लागते.

आता एक उदाहरण पाहा. २०१७-१८ च्या हंगामात हा दर क्विंटलला २५५ रुपये होता. २०१८-१९ साठी तो २७५ रुपये झाला. केवळ मथळा वाचणारा म्हणेल, वीस रुपये वाढले! पण शंभर किलो उसापासून जितके किलो साखर निघते, तितके टक्के त्याचा उतारा. पहिला दर साडेनऊ टक्के उताऱ्याचा होता, दुसरा दहा टक्क्यांचा. जुन्या नियमाने उताऱ्यातील प्रत्येक दशांश टक्क्याच्या वाढीस २ रुपये ६८ पैसे अधिक मिळत. म्हणजे दहा टक्के उताऱ्याच्या उसास जुन्याच नियमाने २६८ रुपये ४० पैसे पडले असते. खरी वाढ ६ रुपये ६० पैसे! हे गणित तुम्हांलाही सहज येईल. मात्र त्यासाठी मथळ्याखालचा मजकूर वाचावयास हवा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने हा दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांस दिली. पहिला हप्ता ठराविक उताऱ्यावर आणि उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर, असा तो निर्णय होता. कारखान्यांची अडचण अगदीच खोटी नव्हती. ऊस काही महिन्यांत येतो, साखर मात्र वर्षभर विकली जाते. पण शेतकऱ्याच्या कर्जावरील व्याज हंगाम संपेपर्यंत थांबत नाही. ज्यांनी तो निर्णय १९६६ च्या आदेशाशेजारी ठेवून वाचला, त्यांना दोहोंतील विसंगती दिसली. माजी खासदार राजू शेट्टी यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तोपर्यंत तीन वर्षे लोटली होती.

कारखान्याच्या काट्यावर गाडीचे वजन झाले की शेतकऱ्याच्या हाती एक पावती पडते. तिच्यावर वजनाबरोबर तारीखही असते. जाणता शेतकरी वजन पाहतोच, आणि घरी येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेपासूनचा चौदावा दिवसही मोजून ठेवतो.