केबल दीडशेची घ्यायची की बाराशेची?

गेल्या महिन्यात भाच्याचा बेंगळुरूच्या व्हाइटफील्डहून फोन आला. "मावशी, मॉनिटर खराब लागलाय गं. माउस हलवला की बाण उड्या मारत जातो." नवाकोरा सत्तावीस इंची फोरके मॉनिटर. परत करायचा म्हणून पठ्ठ्याने थर्माकोलसुद्धा खोक्यात बसवून ठेवलं होतं. म्हटलं, थांब, डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट किती दिसतोय ते वाच आधी.

"तीस."

मॉनिटर ठणठणीत होता, अडचण लॅपटॉपची होती. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहा, जवळजवळ १२ गिगाबिट होतात. त्याच्या जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ आवृत्तीचं, म्हणजे २००९ सालचं. नावाला १०.२ गिगाबिट, पण चित्राच्या वाट्याला त्यातले जेमतेम आठ येतात. मग लॅपटॉप गपचूप ६० वरून ३० वर उतरतो आणि कुणाला काही सांगत नाही. २०१३ च्या २.० आवृत्तीत तो १०.२ चा आकडा १८ झाला आणि फोरके ६० वर सुरळीत चालू लागलं. दोन्ही पोर्ट दिसायला मात्र तंतोतंत सारखी.

म्हणून खरेदीची सुरुवात लॅपटॉपपासून करा. मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून कोणतं पोर्ट कोणत्या आवृत्तीचं ते लिहून घ्या, मग मॉनिटर बघा. केबल सर्वांत शेवटी. साध्या फुल एचडीला ६० हर्ट्झवर तीनच गिगाबिट लागतात. तिथे खोक्यातली फुकटची एचडीएमआय केबल पुरते, वर एक रुपयाही घालू नका.

भाच्याच्या लॅपटॉपला टाइप-सी होतं आणि त्याच्या शेजारी 'डी'च्या पोटात 'पी' असं डिस्प्लेपोर्टचं चिन्हही होतं. ते चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज दिसली तर त्या भोकातून चित्र बाहेर येतं. काहीच चिन्ह नसेल तर गृहीत धरू नका. स्वस्त लॅपटॉपमध्ये टाइप-सी बऱ्याचदा फक्त पेनड्राइव्ह लावण्यापुरतं असतं. आणि मोबाइलच्या चार्जरची केबल दोन्हीकडे नीट बसते, लॅपटॉप चार्जही करते, पण तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या ताराच नसतात. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी वेगळी केबल लागते. ती बाराशेला मिळाली, बाण सरळ चालू लागला.

मिळाली एसपी रोडवर. व्हाइटफील्डहून मेट्रोच्या पर्पल लाइनने मॅजेस्टिक, तिथे ग्रीन लाइन पकडून पुढचंच स्टेशन चिकपेट. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी जा. भाव सांगण्याआधी "बिल बेका?" (बिल हवं का?) असा प्रश्न येतो, कारण बिलासह आणि बिलाशिवाय असे दोन भाव असतात. दीडशेच्या केबलला काय ते तुमचं तुम्ही ठरवा; मॉनिटर मात्र जीएसटी बिलाशिवाय घेऊ नका, नाहीतर वॉरंटी मागायला जाल तेव्हा हात हलवत परत याल.

साधारण भाव असे: दीड मीटरची साधी एचडीएमआय दीडशे ते चारशे, डिस्प्लेपोर्ट पाचशे ते बाराशे, टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट हजार ते दोन हजार. सोन्याचा मुलामा वगैरे ऐकून सोडून द्या. एचडीएमआयच्या वेष्टनावर 'प्रीमियम हाय स्पीड' असेल तर १८ गिगाबिटची हमी, 'अल्ट्रा हाय स्पीड' असेल तर ४८ ची. दोन्हींवर स्कॅन करायचं लेबल असतं. दुसरी केबल लागते ती मुख्यतः फोरके १२० हर्ट्झवर खेळणाऱ्या गेमरना. ऑफिसच्या एक्सेलला नाही.

याच भागात कंपन्यांनी काढून टाकलेले जुने मॉनिटर मिळतात, आणि माझं मत विचाराल तर पहिल्या पगाराला तेच बरे. पण मागची बाजू बघून घ्या. डेलचा यू२४१२एम घ्या: पडदा सुरेख, पण व्हीजीए, डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय नाहीच. दुकानदार लगेच एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट कन्व्हर्टर पुढे करतो, दीड-दोन हजारांचा. नको म्हणा. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांचा चित्राचा सिग्नल मुळात एकच, त्यामुळे दोन-तीनशेची एचडीएमआय ते डीव्हीआय केबल त्या मॉनिटरचं पूर्ण १९२० गुणिले १२०० चित्र देते. फक्त आवाज जात नाही, तर त्या मॉनिटरला स्पीकर कुठे आहेत!

डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयची स्वस्त केबल एकाच दिशेने चालते. लॅपटॉपकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय, तरच. उलटी लावली की पडदा काळा, आणि बिचाऱ्या मॉनिटरवर आळ. व्हीजीएबद्दल एवढंच, की ते १९८७ चं. इंटेल, डेल, सॅमसंग अशा कंपन्यांनी २०१० च्या डिसेंबरमध्ये २०१५ पर्यंत सोडू म्हणून जाहीर केलं होतं. दुसरं काही जुळतच नसेल तेव्हाच त्याच्याकडे वळा, अक्षरांच्या कडा पुसट दिसतात.

टाइप-सीवाला मॉनिटर तशाच साध्या मॉनिटरपेक्षा काही हजारांनी महाग पडतो. ऑफिसचा आणि घरचा असे दोन लॅपटॉप रोज आलटून पालटून लावत असाल तर ते पैसे वसूल आहेत, एकाच केबलमध्ये चित्र आणि चार्जिंग. घेताना तो किती वॉट देतो ते विचारा, ६५ असेल तर बहुतेक ऑफिसच्या लॅपटॉपला चालतं. मॅकबुकवाल्यांनी मात्र एका डिस्प्लेपोर्टमधून दोन मॉनिटर साखळीत जोडायचा बेत सोडून द्यावा. दोन्हीवर एकच चित्र येतं.

शक्य असेल तर लॅपटॉप घेऊनच दुकानात जा आणि पैसे देण्याआधी ६० हर्ट्झ दिसतोय का ते तिथेच बघा. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच केबलला खटका असतो, तो दाबूनच काढायची. भाच्याने पहिल्याच दिवशी ओढली होती.