इथरनेटच्या जाळ्यातील घड्याळांचा मेळ

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे तालुक्याचे गाव दोन महामार्गांच्या सांध्यावर वसलेले आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ येथून जातो आणि हजिऱ्याकडून निघून बारडोली, व्यारा, नवापूर या मार्गाने धुळ्याकडे येणारा महामार्ग क्रमांक ५३ त्यास याच परिसरात छेदतो. तालुक्यात कापडाच्या रंगाईचे व छपाईचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. सुरतेच्या कापडधंद्यात खानदेशातून गेलेल्या मराठी भाषिक कामगारांचा वाटाही लहान नाही. दिवसपाळी सुटली म्हणजे यांपैकी अनेकांचे हात खिशातील भ्रमणध्वनीकडे जातात. साक्री, शिरपूर, अमळनेर, चोपडा येथील घरी खुशाली विचारली जाते, पैसे पोहोचल्याची खात्री करून घेतली जाते.

असा फोन लावणाऱ्याला आपला आवाज वाटेत किती घड्याळांच्या हाताखालून जातो याची कल्पना नसते, आणि असण्याचे कारणही नाही. परंतु ही घड्याळे एकमेकांशी मेळ राखून चालली नाहीत तर संभाषण खरखरते, चालत्या वाहनातील फोन मध्येच तुटतो आणि एका मनोऱ्याच्या लहरी दुसऱ्याच्या कामात अडथळा आणू लागतात. दूरसंचार जाळ्यांत गेल्या काही दशकांत इथरनेट ही पद्धत सर्वत्र आली. ती आली तेव्हा घड्याळांचा हा मेळ मोडण्याची वेळ आली होती. तो पुन्हा कसा बसविण्यात आला, हे समजून घेण्याजोगे आहे.

वेळ निराळी, चाल निराळी

घड्याळे जुळणे याचे दोन अर्थ होतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. मुंबईच्या इतिहासातील एका प्रसंगाने हा भेद सहज स्पष्ट होईल. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. ती ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटे पुढे होती. मुंबईची स्थानिक वेळ मात्र ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटेच पुढे असे. मुंबईकरांनी ही नवी वेळ सुखासुखी स्वीकारली नाही. मुंबई महानगरपालिकेने तर १९५५ पर्यंत आपली जुनी वेळ सांभाळली. म्हणजे सुमारे अर्धशतकभर एकाच शहरात ३९ मिनिटांच्या अंतराने दोन वेळा नांदत होत्या. तथापि ती ३९ मिनिटे ३८ झाली नाहीत की ४० झाली नाहीत. दोन्ही घड्याळांचे काटे निरनिराळ्या ठिकाणी होते, पण त्यांची चाल एक होती.

शास्त्रीय भाषेत चाल एक असणे म्हणजे कंप्रतेचे (वारंवारतेचे) समकालन, आणि काटेही एकाच ठिकाणी असणे म्हणजे वेळेचे समकालन होय. दूरध्वनीच्या जाळ्याला दीर्घकाळपर्यंत पहिलेच पुरत असे.

चाल एक राखण्याची गरज केवळ दूरसंचारालाच असते असे नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. तेव्हापासून देशाच्या सामायिक जाळ्यातील जनित्रे सेकंदाला ५० आवर्तने या एकाच तालावर फिरत आहेत. विजेच्या जाळ्यात मात्र ही शिस्त निसर्गनियमच लावतो, कारण जोडलेली जनित्रे एकमेकांस ओढून धरतात. दूरसंचाराच्या जाळ्यात ती मुद्दाम लावावी लागते.

अंधेरीच्या तारेपासून

भारतात आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो पाठविण्याची पहिली यंत्रणा १९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी येथील दूरध्वनी केंद्रांदरम्यान सुरू झाली. पुढे १९७९ मध्ये पुण्यात दोन केंद्रांमधील जोडणीसाठी देशातील पहिली प्रकाशतंतूची यंत्रणा कार्यान्वित झाली. आज ज्या वाटेने सर्व देशाचे बोलणे धावते तिची पहिली दोन पावले अशी महाराष्ट्रातच पडली.

या पद्धतीत आवाजाचा नमुना सेकंदाला ८,००० वेळा घेतला जातो. प्रत्येक नमुन्यासाठी आठ अंक लागतात, म्हणून एका संभाषणासाठी सेकंदाला ६४,००० अंक होतात. अशा ३२ वाहिन्यांची मोट बांधली म्हणजे २०,४८,००० अंकांचा ओघ तयार होतो. भारतात पुढे रूढ झालेले मूळ परिमाण हेच. १२५ मायक्रोसेकंदांत ३२ नमुन्यांची एक चौकट पूर्ण होते आणि लगेच दुसरी सुरू होते.

पाठविणारे केंद्र आपल्या घड्याळाने अंक सोडते आणि घेणारे केंद्र आपल्या घड्याळाने ते उचलते. घेणाऱ्याचे घड्याळ किंचित मंद असेल तर न उचललेले अंक साठत जातात व शेवटी एक पूर्ण चौकट टाकून द्यावी लागते. ते जलद असेल तर उचलण्यास अंकच उरत नाहीत आणि जुनी चौकट पुन्हा वाचावी लागते. यास ‘घसरण’ म्हणतात. बोलताना एखादी घसरण झाली तर कानाला फार तर ‘टिक्’ असे जाणवते. फॅक्सने पाठविलेल्या कागदावर मात्र ओळी बिघडतात आणि गुप्त संकेतांत बांधलेला मजकूर उलगडेनासा होतो.

म्हणून जाळ्याच्या शिरोभागी एक प्रमुख घड्याळ ठेवण्याची प्रथा पडली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्याची कसोटी १०० अब्जांत एक अशी ठरविली आहे. जुन्या मराठी संख्यागणनेत या संख्येस निखर्व म्हणत. पाठांतरापलीकडे कधी न लागणारी ही संख्या अखेर अशी कामी आली. ही अचूकता साधण्यास सिझियम अणूचा आधार घेतात, कारण १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सिझियमच्या ९,१९,२६,३१,७७० स्पंदनांवर केलेली आहे. दोन स्वतंत्र प्रमुख घड्याळे एकमेकांच्या उलट दिशेने या मर्यादेपर्यंत चुकली, तरी त्यांच्यामधील मार्गावर सुमारे ७२ दिवसांत एकच घसरण होते.

या प्रमुख घड्याळाची चाल खालच्या केंद्रांपर्यंत नेण्यास निराळी तार लागत नसे. अंकांचा ओघ अखंड असल्याने ओघातूनच चाल उमगे. १९८८ मध्ये मान्य झालेल्या समकालिक श्रेणीबद्ध पद्धतीत तर हा गुण पायातच घातलेला होता.

इथरनेट आले, ताल गेला

इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला. एका इमारतीतील संगणक एकमेकांस जोडावेत एवढाच त्याचा हेतू. मजकुराची पुडकी बांधावीत, प्रत्येकावर पत्ता लिहावा आणि वाट मोकळी दिसेल तेव्हा पाठवावे, अशी ही रीत आहे. पुडके क्षणभर आधी पोहोचले काय आणि नंतर पोहोचले काय, संगणकाला त्याचे सोयरसुतक नसते. त्यामुळे प्रत्येक यंत्रात स्वतःचा स्वस्त स्फटिक बसविला गेला. दशलक्षांत १०० भाग इतकी चूक नियमानेच चालवून घेतली गेली. अशी चूक असलेले घड्याळ दिवसात ८.६४ सेकंद मागे वा पुढे जाईल. असे दोन स्फटिक विरुद्ध दिशांनी चुकले तर वर वर्णिलेली घसरण ७२ दिवसांऐवजी दर ०.६२५ सेकंदाला होईल.

इथरनेटची उपकरणे स्वस्त, वेगवान आणि सर्वत्र मिळणारी असल्याने सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी ती शहरांच्या व मनोऱ्यांच्या जाळ्यांत आणली. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. पण जुने जाळे घड्याळाची चाल फुकट वाहून आणत होते ही गोष्ट हिशेबात धरावी लागली, ती जाळे बदलण्याची वेळ आल्यावर.

मनोऱ्याची निकड तर दूरध्वनी केंद्राहूनही अधिक आहे. मोठ्या मनोऱ्यावरून सोडलेल्या लहरींच्या कंप्रतेत अब्जात ५० भागांहून जास्त चूक चालत नाही. १,८०० मेगाहर्ट्झच्या लहरीत ही मर्यादा अवघी ९० हर्ट्झ होते. घड्याळाच्या भाषेत सांगावयाचे तर सुमारे २३१ दिवसांत एका सेकंदाची चूक. महामार्गावरून धावणाऱ्या गाडीतील फोन पलसाण्याच्या मनोऱ्यावरून पुढच्या मनोऱ्याकडे सोपविला जातो, तेव्हा दोन्ही मनोरे या मर्यादेत असावे लागतात. तसे नसेल तर फोनला नव्या मनोऱ्याचा सूर सापडत नाही आणि बोलणे तुटते.

प्रारंभी पुडक्यांच्या येण्याच्या गतीवरून मूळ घड्याळाचा अंदाज बांधण्याचा मार्ग अनुसरला गेला. तो चालतो, परंतु वाटेत गर्दी झाली की पुडकी रेंगाळतात आणि अंदाज डळमळतो. पाळी सुटण्याच्या वेळी, म्हणजे गरज सर्वांत अधिक असताना, तो कच्चा पडावा हे त्याचे वैगुण्य होय.

तारेतच दडलेला ताल

खरा उपाय पुडक्यांत नव्हताच; तो पुडक्यांच्या खाली होता. गिगाबिट इथरनेटच्या प्रकाशतंतूवर एकही पुडके जात नसले तरी अंकांचा ओघ थांबत नाही. रिकाम्या वेळेचे ठराविक संकेत चालूच असतात. दहा मेगाबिटचे जुने इथरनेट काम नसताना मूक होई, त्यास हा उपाय लागू पडला नसता. आलेले अंक वाचण्यासाठी घेणारे यंत्र समोरच्याची चाल प्रत्येक क्षणी ओळखतच असते. फक्त वाचून झाल्यावर ते ती चाल टाकून देई आणि पुढे पाठविताना स्वतःचा स्फटिक वापरी.

भजनी मंडळात एखादा टाळकरी शेजाऱ्याचे शब्द नीट ऐकतो पण टाळ मात्र आपल्या मनाने वाजवितो, तसा हा प्रकार होता. समकालिक इथरनेट या पद्धतीत इतकेच केले की शेजाऱ्याचा टाळ ऐकून स्वतःचा टाळ त्यावर धरावा. आलेल्या ओघातून चाल काढावयाची, तिच्यातील थरथर गाळावयाची आणि त्याच चालीने पुढचा ओघ सोडावयाचा. जाळ्यात गर्दी असो वा शुकशुकाट असो, या चालीवर त्याचा परिणाम होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये पुडक्यांच्या जाळ्यातील समकालनासंबंधी पहिली शिफारस मान्य केली. २००७ मध्ये अशा यंत्रातील घड्याळाचे गुणधर्म ठरले. वरून कोणतीही चाल मिळत नसली तरी त्याने दशलक्षांत ४.६ भागांहून अधिक चुकू नये, असा दंडक त्यात आहे. २००८ मध्ये घड्याळाची प्रत कळविण्याच्या संदेशांची पद्धती आली.

हे संदेश वरवर क्षुल्लक दिसतात, पण सारी व्यवस्था त्यांवर उभी आहे. प्रत्येक यंत्र सेकंदातून सुमारे एकदा पुढच्यास कळविते की आपली चाल सिझियमवरून आली आहे की केवळ स्वतःच्या स्फटिकावरून. पाच सेकंद संदेश आला नाही तर ती वाट निरुपयोगी समजून दुसरी धरली जाते. ज्याच्याकडून चाल घेतली त्यासच ती परत देऊ नये म्हणून त्या दिशेस ‘ही वापरू नका’ असे सांगितले जाते. अन्यथा दोन यंत्रे एकमेकांवर विसंबून संथपणे एकत्रच भरकटतात आणि दोघांनाही आपण अगदी बरोबर आहोत असे वाटते. हा दोष शोधण्यास कठीण असतो, कारण कोठेही धोक्याचा दिवा लागत नाही.

या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. साखळीतील प्रत्येक दुवा समकालिक हवा. सुरत ते पलसाणा या वाटेवर खर्च वाचविण्यासाठी कोणी एक साधे यंत्र मध्ये बसविले, तर मजकूर विनातक्रार पोहोचेल. चाल मात्र तेथेच खुंटेल. वाटेवरील यंत्रांची नोंदवही वेळोवेळी तपासण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण त्यास पर्याय नाही.

काटेही जुळवावे लागतात तेव्हा

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाचव्या पिढीची भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली आणि केवळ चाल जुळणे अपुरे पडू लागले. या सेवेच्या ३.३ गिगाहर्ट्झ पट्ट्यात बोलणे आणि ऐकणे एकाच कंप्रतेवर आळीपाळीने होते. एक मनोरा बोलत असताना शेजारचा ऐकत बसला, तर पहिल्याचा आवाज दुसऱ्याच्या कानठळ्या बसवील. म्हणून सर्व मनोऱ्यांचे काटे प्रमाणवेळेच्या दीड मायक्रोसेकंदाच्या आत लागतात.

त्यासाठी बहुधा मनोऱ्यावर उपग्रहाचा संकेत घेणारा ग्राहक बसवितात. दुसरा मार्ग अचूक वेळेच्या संदेशांचा. हे संदेश जाण्यास व येण्यास लागणारा काळ मोजून काटे लावतात. त्यात जाण्याची व येण्याची वाट सारखी असल्याचे गृहीत धरलेले असते. एका बाजूचा तंतू २०० मीटर अधिक लांब निघाला तर तेवढ्यानेच अर्धा मायक्रोसेकंद, म्हणजे मर्यादेचा तिसरा हिस्सा, खर्ची पडतो.

उपग्रहाचा मार्ग सोपा खरा, परंतु त्याचा संकेत अतिशय क्षीण असतो आणि जवळच्या एखाद्या खोडसाळ प्रक्षेपकाने तो बुजू शकतो. परदेशी उपग्रहांवर विसंबून राहणेही शहाणपणाचे नाही. भारताने २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ हा दिशादर्शक उपग्रह सोडला. त्यावर अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात तयार झालेले रुबिडियमचे आणवीय घड्याळ आहे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिच्याशी जोडून ही वेळ देशभर पुरविण्याच्या योजनेत ज्या पाच प्रादेशिक प्रयोगशाळा निवडण्यात आल्या त्यांत अहमदाबादचीही गणना होते.

तारेतून येणाऱ्या चालीचे मोल येथे पुन्हा कळून येते. समजा, पलसाण्याच्या मनोऱ्यावरील उपग्रहाचा संकेत एका संध्याकाळी बंद पडला आणि त्या क्षणी काटे अचूक होते. मनोऱ्यातील स्फटिक अब्जात एक भाग चुकत असेल, तर दीड मायक्रोसेकंदाची सारी शिल्लक २५ मिनिटांत संपेल. त्याऐवजी प्रकाशतंतूतून प्रमुख घड्याळाची चाल येत असेल, तर तीच शिल्लक ४१ तासांहून अधिक काळ पुरेल. म्हणजे दुसरा दिवस उलटून दुरुस्तीचे पथक पोहोचेपर्यंत कारखान्याच्या दारातून खानदेशात लागलेले फोन चालू राहतील.