उरलेली ताटली

पानशेत,
आषाढ वद्य

चि. सोनूस,


तुझ्या अंगणवाडीतली पोरं पन्नासपर्यंत घडाघडा अंक म्हणतात, हे तू फोनवर किती आनंदानं सांगितलंस! मला माझं सेविकेचं पहिलं वर्ष आठवलं. माझीही पोरं अशीच म्हणायची. एक दिवस एका चार वर्षांच्या मुलाला म्हटलं, "मला पाच चिंचोके दे." त्यानं ओंजळ भरून आणली आणि माझ्या पदरात ओतली. मोजायला लावलं, तर बोट पुढं पळत होतं आणि तोंड मागं राहत होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी त्याला मोजायला शिकवलंच नव्हतं, नुसतं म्हणायला शिकवलं होतं. चूक त्याची नव्हती, माझी होती.

मग मी गणिताची वेगळी वेळ ठेवणंच बंद केलं. आहार वाटायच्या वेळी एकाला सांगायचे, "आज जेवढी आलीत तेवढ्या ताटल्या मांड." एवढंच. आकडा सांगायचा नाही. एका पोरीनं एकेकासमोर ताटली ठेवली आणि तिच्या हातात एक उरली. ती घेऊन ती दारापर्यंत गेली, बाहेर वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "दादा आला नाही, आयेसंगं आवणीला गेला." सोनू, उरलेल्या ताटलीवरून न आलेलं पोर तिला कळलं. एकास एक लावणं, कमी-जास्त, वजाबाकी, सगळं त्यात आलं, आणि घरची बातमीसुद्धा. तू कितीही तक्ते लावलेस तरी एवढं त्यातून येणार नाही.

सध्या आपल्याकडं भाताची आवणी चालू आहे. पोरं बांधावर बसून सगळं बघतात, ते वर्गात येऊ दे. चारसूत्री पद्धतीनं लावणारे शेतकरी दोन-तीन रोपांचा एक चूड धरतात, चार चुडांचा चौकोन करतात आणि त्याच्या मधोमध खताची एक गोळी खोचतात. अंगणात चिखल आहेच. गवताच्या काड्यांचे चूड करायला लाव, गोळीच्या जागी खडा. एक चौकोन झाला की विचार, "आता शेजारी आणखी एक करायचा, तर खडे किती आणशील? चूड किती?" कुणी धावत जाऊन दोन खडे आणेल. आणू दे. एक उरला की ते आपणच परत ठेवील. तू चटकन उत्तर सांगू नकोस. ही सवय मोडायला मला फार दिवस लागले.

हे काही मी शोधलेलं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरांसाठी दोघींनी पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य केलं. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तुझ्या दारावरच्या पाटीवर जो 'अंगणवाडी' शब्द आहे, तो याच कामातून आला आहे.

पोरांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही बोलाव. धान्याची जुनी मापं त्यांना पाठ असतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दर पायरीला दुप्पट! वाळू नाहीतर तांदूळ ओतून पोरांना हे करून बघू दे, पण ओतायच्या आधी अंदाज सांगायला लाव. मापटं भरायला किती चिपटी लागतील? कुणी पाच म्हणेल, कुणी शंभर. आजीबाई शेजारी बसून दिडकी-औटकीचे पाढे म्हणू लागल्या तर थांबवू नकोस. अर्थ आज नाही कळला तरी कानावर राहील.

पहिलीत जाणाऱ्या मोठ्या पोरांबद्दल एक सांगते. आपले मराठी अंक अवघड आहेत. बावीस म्हणताना दोन आधी येतात, लिहिताना वीस आधी. एकोणतीस ऐकू येतं तीससारखं, पण लिहायचं 29. म्हणूनच 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्यावर तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला वाटतं, दोन्ही रीती पोरांना द्याव्यात. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधायच्या. दोन जुड्या आणि दोन सुट्या काड्या हातात दिल्या की पोर 'वीस आणि दोन' आपणहून म्हणतं. मग तू म्हण, "यालाच बावीस म्हणतात."

माळ्यावरून शेर आणि मापटं काढून घासून ठेवलं आहे. चिपटं सापडत नव्हतं, ते तुझ्या काकूकडं निघालं. रविवारी येशील तेव्हा तिन्ही घेऊन जा, आणि चिंचोकेही, डबाभर साठवलेत.

तुझी,
आत्या