जुन्या गाडीचे पाणी

नाशिकला बर्फ पडत नाही. थंडी मात्र पडते. निफाडकडे तर एखाद्या वर्षी पारा ४ अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षवाले रात्रभर शेकोट्या पेटवून बागा राखतात. तरी गाडीतले पाणी गोठल्याचे आपण कधी ऐकले नाही. मग दुकानदार 'अँटिफ्रीज'चा डबा पुढे करतो, तो आपण का घ्यावा?

अँटिफ्रीज म्हणजे गोठू न देणारे. हे नाव थंड मुलखातले आहे. पाणी गोठले की फुगते. १०० लीटर पाण्याचा बर्फ झाला, तर त्याला सुमारे १०९ लीटर जागा लागते. इंजिनात एवढी जागा कुठली? मग लोखंडाला तडा जातो. म्हणून अतिथंड मुलखात ड्रायव्हर रात्री रेडिएटरचे पाणी सोडून देत आणि सकाळी कोमट पाणी भरून गाडी चालू करीत. आपल्याकडे याच औषधाला कूलंट म्हणतात. आपले काम वेगळे. आपल्याला ते उकळी लांबवायला हवे, आणि त्याहून जास्त गंज थांबवायला हवे.

इंजिनात तेल जळते. त्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाणी वाहून नेते. पाणी इंजिनाभोवती फिरते, तापते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते, पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि परत येते. या नळ्या बुजल्या की गाडी तापलीच म्हणून समजा.

नळ्या बुजतात कशाने? आपल्याच पाण्याने. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो ना, तोच थर रेडिएटरमध्ये बसतो. वर लोखंडाचा गंज. दोन्ही मिळून तांबूस गाळ होतो. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. मुंबईहून येताना कसाऱ्याचा चढ लागला, किंवा नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडाकडे गाडी माणसांनी भरून निघाली, की काटा वर सरकतो. चैत्रात तर विचारू नका.

एका ड्रायव्हरने मिस्त्रीला विचारले, "मामा, जीप जुनी आहे. हिरवं टाकू का लाल?"

मिस्त्री म्हणाला, "रंग नको बघू भाऊ. डब्यावर काय लिहिलंय ते बघ."

मिस्त्रीचे बोलणे बरोबर आहे. रंग ही कंपनीची मर्जी. एकीचे हिरवे ते दुसरीचे निळे असू शकते. आत काय आहे, ते महत्त्वाचे.

बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव असतो. तो सगळ्यांत जवळजवळ सारखाच. फरक असतो तो गंज थांबवणाऱ्या औषधांचा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट अशी क्षारांची औषधे असतात. ती धातूवर पटकन पातळ थर धरतात, पण लवकर संपतात. म्हणून हे कूलंट साधारण २ वर्षांनी बदलावे लागते. नव्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांची औषधे असतात. डब्यावर 'ओ ए टी' अशी तीन इंग्रजी अक्षरे दिसतात. ते ५ वर्षे किंवा जास्तही टिकते, आणि आजच्या ॲल्युमिनियमच्या गाड्यांना ते चांगले.

जुन्या गाडीचे अंग निराळे असते. प्रीमियर पद्मिनी घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यात ती २००० सालच्या आसपासपर्यंत बनत होती. तशीच जुनी जीप घ्या. अशा गाड्यांचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, आणि सांधे शिसे-कथिलाच्या डागाचे. नव्या पद्धतीची काही कूलंटे या डागाला नीट सांभाळत नाहीत. जुन्या रबराच्या आणि गॅस्केटच्या जागाही त्यांनी पाझरू शकतात. म्हणून तांब्या-पितळेच्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचेच, २ वर्षांचे कूलंट घ्यावे. गाडीचे पुस्तक असेल तर आधी ते पाहावे. महागाचे ते चांगले, असा हिशेब इथे चालत नाही. डब्यावर 'आय एस ५७५९' हा भारतीय मानकाचा आकडा शोधावा. आकडा नाही, कंपनीचा पत्ता नाही आणि भाव फार कमी, तर बहुधा ते रंगीत पाणी असते.

दोन पद्धतींची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत. औषधांचा जोर जातो. कधी कधी चिकट गाळही धरतो.

आणखी एक शब्द डब्यावर वाचा. 'रेडी टु यूज' असेल तर पाणी आधीच मिसळलेले आहे, तसेच ओता. 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर पाणी आपण मिसळायचे. पाणी बॅटरीत घालतात ते शुद्ध, डिस्टिल्ड पाणीच घ्या. बॅटरीचे ॲसिड नव्हे! एकाच दुकानात दोन्ही मिळतात, म्हणून विचारून घ्या. अस्सल कूलंट निव्वळ ओतू नका, कारण उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्यापेक्षा मंद आहे. आपल्या हवेत एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी पुरते. गाडीत ६ लीटर मावत असेल तर २ लीटर कूलंट, ४ लीटर पाणी. हिमालयाकडे जायचे असेल तर निम्मे-निम्मे करा.

भरण्याआधी जुने पाणी काढा. गाडी पूर्ण थंड असू द्या. खालचा नळ सोडा. साधे स्वच्छ पाणी भरा, इंजिन थोडा वेळ चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करा. इंजिनाच्या पोटात थोडे पाणी राहतेच. म्हणून आधी मोजलेले कूलंट ओता आणि मग वर येईपर्यंत पाणी. धुण्याचा सोडा घालून साफ करायला कोणी सांगेल. ऐकू नका, सोडा ॲल्युमिनियमला खातो, आणि पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. रबरी होज पाईप दाबून पाहा. तडकलेले असतील तर आधी ते बदला.

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी युक्ती तुम्हाला ठाऊक असेल. रस्त्यात अडकलात तर घरापर्यंत ती आणते, हे खरे. पण भोक बुजते तशी बारीक नळीही बुजते. घरी आल्यावर रेडिएटर डागून घ्यावा. थर्मोस्टॅट काढून फेकणे हीही तशीच युक्ती. त्याने इंजिन नीट तापत नाही, तेल जास्त लागते आणि झीज होते.

घाटात गाडी उकळली तर कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि थांबा. झाकण लगेच उघडू नका. झाकणाखाली दाब असतो. ७ पौंडांच्या झाकणाखाली पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो आणि ते एकदम उसळते. या घाईने किती जणांचे तोंड आणि हात भाजले आहेत! अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग ओले फडके ठेवून झाकण अर्धवट फिरवा, वाफ जाऊ द्या. रिकाम्या तापल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतले तर हेडला तडा जातो.

आता घरातल्यांनी ऐकावे असे. ग्लायकॉल विष आहे, आणि त्याची चव गोड असते. रंग सरबतासारखा. कुत्रे चाटते, लहान मूल तोंडाला लावते. मुलाच्या जिवाला थोडे घोटही पुरे. पहिल्यांदा माणूस दारू प्यायल्यासारखा झुलतो, उलट्या होतात. मग बरे वाटल्यासारखे होते, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. म्हणून उरलेले कूलंट थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतू नका. मूळ डब्यातच, उंचावर, कुलपात ठेवा. कोणी प्यालेच तर घरगुती उपाय करीत बसू नका. लक्षणांची वाटही पाहू नका. डबा बरोबर घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जा. वेळेवर नेले तर यावर औषध आहे.

काढलेले कूलंटही विषच. ते अंगणात किंवा गटारात सोडू नका. गटाराचे पाणी गोदावरीला जाते. झाकणाच्या डब्यात भरून, जुन्या तेलात न मिसळता, गॅरेजवाल्याकडे द्या.

शेवटी एक कागद घ्या आणि आपल्या हाताने लिहा: 'कूलंट भरले', तारीख, डब्यावरचे नाव, किती लीटर कूलंट आणि किती पाणी. कागद बॉनेटच्या आत चिकटवा. पुढे गाडी कोणत्याही मिस्त्रीकडे गेली तरी वर काय घालायचे, ते त्याला वाचता येईल.