पुन्हा पहिल्यापासून

(लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळणारा लेखक अनेक वर्षांनी आपल्या जुन्या खेळाकडे परत वळला. त्या वेळी त्याला काय आठवले आणि काय नव्याने समजले, ते त्याने या पाठात सांगितले आहे. एकाच शब्दाचा उर्दूत एक आणि मराठीत दुसरा अर्थ कसा होतो, हेही या पाठात पाहा.)

मित्रांनो, तुम्हांला व्हिडिओ गेम खेळायला आवडते ना? मलाही आवडते. मी चाळिशी ओलांडली, तरी ही आवड सुटलेली नाही. लहानपणी मी टीव्हीला जोडायच्या यंत्रावर खेळत असे. पुढे संगणकावर खेळलो. आता मोबाईलवर खेळतो.

गेल्या दिवाळीत एक गंमत झाली. अकोल्याच्या घरी माळा आवरताना आईला एक खोके सापडले. "हे भंगारात देऊ का रे?" तिने विचारले. मी खोके उघडले. आत माझे जुने व्हिडिओ गेमचे यंत्र होते!

हे यंत्र कसे होते, ते तुम्हांला सांगतो. १९८३ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने टीव्हीला जोडायचे 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढले. त्याच्या अनेक नकला पुढे भारतात विकल्या गेल्या. माझे यंत्र त्यांपैकीच एक. खेळ एका चपट्या डबीत असे. तिला आम्ही 'कॅसेट' म्हणत असू. कॅसेट चालली नाही, की तिच्यात जोराने फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. फुंकरीने खेळ सुरू होतो, असे आम्हांला वाटे. खरे तर कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे तो सुरू होई. उलट, तोंडातल्या ओलाव्याने आतली धातूची टोके खराब होतात!

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा आमचा लाडका खेळ. तो १९८५ साली निघाला. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सोबत्यांनी तो तयार केला. हा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइट जागेत मावत होता. आज मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा याहून कितीतरी पट जागा घेतो. मग त्यांनी एवढा खेळ तेवढ्यात बसवला कसा? एक उदाहरण पाहा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच आहे. ढग पांढरा आणि झुडूप हिरवे, एवढाच फरक! लहानपणी हे आमच्या कधी लक्षातही आले नाही.

शेजारी माझा एक मित्र राहत असे. तो उर्दू शाळेत जाई, मी मराठी शाळेत. अकोल्याचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. दुपारी बाहेर पाऊल टाकता येत नसे. मग आम्ही दोघे कूलरसमोर बसून आळीपाळीने खेळायचो. खेळात आठ जगे होती आणि प्रत्येक जगाचे चार टप्पे. सुरुवातीला तीनच जीव मिळत. खेळ मध्येच साठवून ठेवण्याची सोय त्यात नव्हती.

एके दिवशी माझा मित्र आठव्या जगापर्यंत पोहोचला. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. इतक्यात लाईन गेली! पडदा काळा झाला. दोन तासांची मेहनत वाया गेली.

"शिकस्त झाली!" मित्र खिन्नपणे म्हणाला.

"हो ना, तू आज खूपच शिकस्त केलीस," मी मनापासून म्हणालो.

तो रागाने उठला आणि घरी निघून गेला. माझे काय चुकले, मला कळेना. दुसऱ्या दिवशी मी आमच्या मराठीच्या गुरुजींना विचारले. ते हसले आणि म्हणाले, "अरे, शिकस्त हा फारसी शब्द आहे. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत मात्र शिकस्त करणे म्हणजे होईल तेवढे सारे प्रयत्न करणे. तू त्याची स्तुती केलीस आणि त्याला वाटले, तू त्याला चिडवलेस!" मी धावत मित्राकडे गेलो आणि हा खुलासा केला. तो पोट धरून हसला. त्या दुपारी आम्ही पुन्हा पहिल्यापासून खेळायला बसलो.

माझा हा मित्र आता अमरावतीला असतो. कित्येक वर्षे आमची भेट नव्हती. ईद आणि दिवाळीला फोनवर शुभेच्छा दिल्या, की संपले. यंत्र हातात घेतले आणि मी ठरवले, की त्याच्याकडे जायचे. यंत्र पिशवीत घातले, मूर्तिजापूर-बडनेरा मार्गे अमरावती गाठली.

अमरावती हे खेळ जपणारे शहर आहे. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते सुरू केले. १९३६ साली या मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रदर्शन केले. कबड्डीतही गडी बाद होतो. पण त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला, की तो पुन्हा मैदानात येतो. मंडळासारख्या संस्थांनी आपले जुने खेळ जिवंत ठेवले. पडद्यावरच्या जुन्या खेळांचे मात्र तसे झाले नाही. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळतच नाहीत, असे तिच्यात आढळले. खेळणारे असतील, तरच खेळ जगतो.

मित्राकडे जुना, मोठ्या पाठीचा टीव्ही अजून होता. आम्ही यंत्र जोडले. कॅसेट बसवली आणि ओळखीचे संगीत वाजू लागले. दोघांचेही डोळे भरून आले. मी खेळायला लागलो आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो!

मित्राची मुलगी आठवीत शिकते. ती शेजारी बसून पाहत होती. तिने विचारले, "चाचा, हे सेव्ह कुठे करायचे?"

"होत नाही, बेटा."

"मग हरलो तर?"

"पुन्हा पहिल्यापासून."

ती विचारात पडली. मीही पडलो. आजच्या अनेक मोबाईल खेळांत हरले, की पडदा लगेच म्हणतो, 'जाहिरात पाहा' किंवा 'पैसे भरा'. मग नवा जीव मिळतो. त्या खेळांना शेवट नसतो. कित्येकदा मी रात्री उशिरापर्यंत खेळत बसलो आणि उठताना मी जिंकलो की हरलो, हेही मला आठवत नसे. जुन्या खेळात जीव विकत मिळत नव्हता. तो चुकांतून शिकून वाचवावा लागे. शिवाय जीव संपले, की हातातले बटण दुसऱ्याला द्यावे लागे. पाळी येण्याची वाट पाहता पाहता आमची मैत्री झाली होती.

त्या रात्री मुलीने पाच वेळा खेळ पहिल्यापासून सुरू केला. पाचव्या वेळी ती तिसऱ्या जगात पोहोचली आणि हरली. तिने बटण वडिलांच्या हाती दिले.

"शिकस्त झाली!" मित्र म्हणाला.

"कोणती? उर्दूतली की मराठीतली?" मी विचारले.

मुलीकडे पाहून तो हसला आणि म्हणाला, "दोन्ही!"

शब्दार्थ
माळा – घरात छताखाली सामान ठेवण्याची जागा
आळीपाळीने – बारी बारी से, एकामागून एक
खिन्नपणे – उदास होऊन
लाईन जाणे – वीज जाणे (वऱ्हाडात रूढ)
गडी – खेळाडू
खुलासा करणे – स्पष्ट करून सांगणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आईला खोके कोठे सापडले?
(आ) ढग आणि झुडूप यांत कोणता फरक होता?
(इ) श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ कोणत्या साली सुरू झाले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मित्र रागावून घरी का गेला?
(आ) जुना खेळ आणि मोबाईलवरचा खेळ यांत लेखकाला कोणता फरक जाणवला?
(इ) मित्र शेवटी "दोन्ही!" असे का म्हणाला?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
श्वास रोखणे, पोट धरून हसणे, प्रयत्नांची शिकस्त करणे.

भाषाभ्यास
उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे व्यायामाची जागा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत 'ज़िद' म्हणजे हट्ट. मराठीत 'जिद्द' म्हणजे काम पुरे करण्याचा निर्धार. असे आणखी दोन शब्द शोधा आणि वर्गात सांगा.

उपक्रम
तुमच्या आईवडिलांना त्यांच्या लहानपणीचा एक खेळ विचारा. तो त्यांच्याबरोबर खेळा आणि त्याचे नियम मराठीत लिहा.