पाठ १४ : दम खा, मग ठरवू

ऑक्टोबर आला की अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "या वीकेंडला फॉल कलर्स बघायला जायचं का?" वाक्यात मराठी किती आणि इंग्रजी किती, ते तुम्हीच मोजा. या पाठात आपण ते वाक्य थोडं मराठीत आणू, आणि मैत्रिणीबरोबर किंवा मित्राबरोबर न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात दोन दिवस भटकून येऊ. एक दिवस चढायचा, एक दिवस खायचा.

आधी ऋतूचं नाव. शब्दकोशात 'फॉल' किंवा 'ऑटम' शोधलंत तर 'शरद' सापडेल. ते बरोबर आहे, पण अर्धंच. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक महिने : पाऊस संपलेला, आकाश निरभ्र, कोजागरीचं टिपूर चांदणं. महाराष्ट्रात तेव्हा पानं गळत नाहीत. डोंगर अजून हिरवे असतात आणि दुपारी 'ऑक्टोबर हीट'चे चटके बसतात. पानं गळतात ती शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. म्हणून आजीला फोनवर "इथे शरद ऋतू आहे" असं म्हणालात, तर तिच्या डोळ्यांसमोर चांदणं येईल. "इथे पानगळ सुरू झाली" म्हणालात, तर ती विचारेल, "एवढ्या लवकर?" मग तिला सांगा : दिवस लहान होतात, पानातलं हिरवं द्रव्य संपत जातं आणि आधीपासून लपलेला पिवळा रंग दिसायला लागतो. मेपलचा लाल रंग मात्र पान याच दिवसांत नव्याने तयार करतं.

आता जागा. बॉस्टनहून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर फ्रँकोनिया नॉच आहे. 'नॉच' म्हणजे आपली खिंड. पावनखिंडीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तोच शब्द. खिंडीच्या एका बाजूला पूर्वी माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा कडा होता. तो ३ मे २००३ रोजी कोसळला, पण न्यू हॅम्पशायरच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर तुम्हाला तो अजून बघता येईल. दुसऱ्या बाजूला माउंट लाफाएट. उंची साधारण ५,२५० फूट, म्हणजे १,६०० मीटर.

हा आकडा लक्षात ठेवा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे उंची जवळजवळ सारखीच! पण म्हणून दोन्ही डोंगर सारखे नाहीत. लाफाएटच्या माथ्याकडे झाडं उगवतच नाहीत, इतका तिथे वारा आणि थंडी असते. लिटल हेस्टॅकपासून लाफाएटपर्यंत दीड मैलाहून जास्त चाल उघड्या डोंगरधारेवरून आहे. आडोसा नाही. खाली पार्किंगमध्ये टी-शर्टवर असलेली माणसं वर टोपी आणि हातमोजे घालून बसलेली दिसतात.

पूर्ण फेरी सुमारे ९ मैलांची, चढ जवळजवळ ३,९०० फुटांचा. सहा ते आठ तास धरा. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत अंधार त्याच्याही आधी पडतो. हा हिशोब घरीच करा. चढण्याची वाट धबधब्यांच्या कडेने जाते. ओल्या दगडावर गळलेली पानं म्हणजे सांडलेलं तेलच. पाय घसरतो. पाठपिशवीत पावसाचं जॅकेट, जास्तीचा स्वेटर, टॉर्च आणि नकाशा हवाच. न्यू हॅम्पशायरमध्ये कुणाच्या निष्काळजीपणामुळे सुटकेचं पथक पाठवावं लागलं, तर त्या माणसाकडून खर्च वसूल करता येतो. तसा कायदाच आहे.

आणि शिदोरी! प्रवासात बरोबर नेलेल्या खाण्याला हा शब्द आहे. 'लंचबॉक्स'पेक्षा मला तो जास्त आवडतो, कारण त्यात घरून निघाल्याची जाणीव आहे. दशम्या, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याचे लाडू. थंडीत दशमी मऊ राहते आणि लाडू हातमोजे न काढता खाता येतो.

या पाठाचा मुख्य शब्द 'दम'. चढताना श्वास फुलला की दम लागतो. थांबून श्वास घेतला की आपण दम खातो किंवा दम घेतो. "दम धर" म्हणजे धीर धर. "बाबांनी दम दिला" म्हणजे मात्र बाबा रागावले. शब्द एकच, क्रियापद बदललं की अर्थ बदलतो. डोंगरावर पहिले तीन लागतील. चौथा टाळता आला तर बरं.

आता हा संवाद दोघींनी मिळून मोठ्याने वाचा.

(लिटल हेस्टॅकचा माथा. दुपारचा दीड वाजलाय. पुढची डोंगरधार ढगात आहे.)

पहिली : थांब गं जरा. दम लागलाय मला.
दुसरी : बस इथे, पाणी पी. घाई नाहीये.
पहिली : पुढचं काहीच दिसत नाहीये. वाराही वाढलाय.
दुसरी : जातील गं ढग. एवढ्या वर आलो, आणि लाफाएट न बघताच परत?
पहिली : आपलं काय ठरलं होतं? एक वाजेपर्यंत पोहोचलो आणि वर स्वच्छ असलं, तरच पुढे.
दुसरी : हो, पण... तुला खरंच जमणार नाही का?
पहिली : जमेल गं. पण उतरताना अंधार होईल. आपण इथूनच परत फिरू या का?
दुसरी : (थोडा वेळ गप्प) बरं. लाडू काढ आधी.

दुसरीचं "बरं" पुन्हा एकदा वाचा. ती आनंदाने तयार झाली आहे का? नाही. "चालेल!" म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. गप्प राहून आलेलं "बरं" म्हणजे "पटत नाहीये, पण तुझं ऐकते". मराठीत नाराजी अनेकदा अशी एका छोट्या शब्दात बसते, आणि ती ऐकू यायला कान तयार व्हावा लागतो. लाडू मागितला आहे, म्हणजे मैत्री शाबूत आहे.

पहिली काय म्हणाली, तेही बघा. "तू हळू चालतेस म्हणून उशीर झाला" असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "आपण". इंग्रजीत 'वी' एकच आहे, मराठीत दोन आहेत : 'आपण' आणि 'आम्ही'. 'आपण' म्हणजे मी आणि तू सुद्धा. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझ्याबरोबरचे, तू नाही. "आम्ही परत फिरतो" असं पहिली म्हणाली असती, तर मैत्रीण त्या ढगात एकटीच उरली असती. परदेशात वाढलेली मुलं ही चूक फार करतात, आणि घरातली मोठी माणसं हसून सोडून देतात. डोंगरावर हसून सोडू नका.

दुसरा दिवस खाण्याचा. पाय दुखत असतील, त्यामुळे फार चालायचं नाही. खिंडीपासून जवळच शुगर हिल नावाचं गाव आहे. तिथलं पॉलीज पॅनकेक पार्लर १९३८ पासून चालू आहे आणि पानगळीच्या दिवसांत तिथे रांग असते. पॅनकेक म्हणजे गोड, जाड धिरडंच म्हणा. वरचा मेपल सिरप पाहून आजीला काकवी आठवेल : उसाचा रस उकळून, गूळ होण्याआधी काढलेला पातळ गोडवा. मेपलचंही तसंच, फक्त ऊस नाही, झाड. एक लिटर सिरपसाठी सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो. पण ही 'गुऱ्हाळं' थंडी संपता संपता चालतात, ऑक्टोबरमध्ये नाही. आता मिळतात ते सफरचंदाच्या रसातले गरमागरम डोनट. ते गाडीतच संपतात.

सराव

१. 'आपण' की 'आम्ही'? (अ) आजी, ____ काल डोंगरावर गेलो होतो. (आजी घरीच होती.) (आ) अगं, ____ उद्या किती वाजता निघायचं?

२. "दम धर" आणि "दम खा" हे दोन्ही वापरून दोन वाक्यं लिहा.

३. दुसरी मैत्रीण रात्री आईला फोन करते. आई विचारते, "काय गं, शिखर झालं का?" दुसरीचं उत्तर चार-पाच वाक्यांत लिहा. ती अजून थोडी नाराज आहे, हे विसरू नका.