उचलता येईल का? – लहान ॲडव्हेंचर मोटारसायकलींचा तौलनिक विचार

बँकेच्या नोकरीत बदली अटळ असते. काही वर्षांपूर्वी माझी बदली हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यातील एका शाखेत झाली. सफरचंदांच्या बागांसाठी दिलेल्या कर्जांची पाहणी हा तेथील कामाचा मोठा भाग. सतलजच्या काठाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग सोडला, की बागांकडे जाणारे रस्ते अरुंद, खडीचे आणि जागोजागी नाल्यांनी कापलेले. अशा रस्त्यांसाठी ॲडव्हेंचर प्रकारातील मोटारसायकल घ्यावी असे मी ठरविले आणि वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर असूनही हिशेब न करता ती घेतली.

गाडी उत्तम होती. दोष निवडणाऱ्याचा होता. माझी उंची पाच फूट चार इंच आणि गाडी उंच व जड. जून महिन्यातील एका दुपारी सांगला खोऱ्यातील एक नाला ओलांडताना मी थांबलो, पाय टेकविण्याचा प्रयत्न केला आणि पाय जमिनीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाडीसह पाण्यात आडवा झालो. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी बर्फ वितळल्यामुळे दुपारी गुडघ्यापर्यंत आले होते. पाय गाडीखाली अडकला. ज्यांची बाग पाहण्यास निघालो होतो, तेच कर्जदार गृहस्थ सुदैवाने मागून येत होते. त्यांनी व त्यांच्या मुलाने गाडी उचलली. नंतर चहा घेताना ते हसत म्हणाले, “साहेब, कर्ज देताना आम्हाला विचारता, फेडता येईल का? गाडी घेताना स्वतःला विचारलेत का, उचलता येईल का?”

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे माझ्या परीने दिलेले उत्तर होय.

ॲडव्हेंचर मोटारसायकल म्हणजे काय?

डांबरी रस्त्यावर लांबचा प्रवास आणि कच्च्या रस्त्यावर वाटचाल, अशी दोन्ही कामे करू शकणारी गाडी, ही या प्रकाराची साधी व्याख्या. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिस-डाकार शर्यत सुरू झाली आणि १९८० मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने ‘आर ८० जी/एस’ बाजारात आणली. तेथून हा प्रकार जगभर रुजला. भारतात हिरो कंपनीची १५० सीसीची ‘इम्पल्स’ २०११ मध्ये आली. ती फार काळ टिकली नाही. रॉयल एनफिल्डच्या ४११ सीसी ‘हिमालयन’ने २०१६ मध्ये खऱ्या अर्थाने पायवाट पाडली. त्यानंतर २०१९ मध्ये हिरोची ‘एक्सपल्स २००’, २०२० मध्ये केटीएमची ‘३९० ॲडव्हेंचर’, २०२२ मध्ये ‘येझदी ॲडव्हेंचर’ व सुझुकीची ‘व्ही-स्ट्रॉम एसएक्स’ अशी रांग लागली.

तुलना : आकड्यांच्या पलीकडे

जाहिरातीत प्रथम अश्वशक्ती दिसते. तथापि डोंगरात वजन, आसनाची उंची आणि चाके यांचे महत्त्व अधिक. तीन गाड्यांची तुलना करून पाहू.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘हिमालयन ४५०’चे इंजिन ४५२ सीसीचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती आणि इंधनासह वजन १९६ किलो आहे. टाकी १७ लिटरची असल्याने पंप दूर असलेल्या प्रदेशात निश्चिंती लाभते. आसन ८२५ मिलिमीटर उंच असून ते आणखी वर करता येते. दोघांना सामानासह लांबचा प्रवास करायचा असेल, तर ही गाडी थकवा जाणवू देत नाही. मात्र उतारावरील खडीत ती एकट्याने वळविणे वा पडल्यास उभी करणे हे अंगमेहनतीचे काम आहे.

२०२५ च्या आरंभी सादर झालेल्या हिरोच्या ‘एक्सपल्स २१०’चे इंजिन २१० सीसीचे, शक्ती सुमारे साडेचोवीस अश्वशक्ती आणि वजन १७० किलोच्या आत-बाहेर आहे. जमिनीपासूनचे अंतर २२० मिलिमीटर असून पुढील चाक २१ इंची आहे. मोठे चाक दगडावरून व खड्ड्यातून सहज पार होते. कच्च्या रस्त्यावर याचा उपयोग मोठा. परंतु आसन ८३० मिलिमीटर उंच, म्हणजे माझ्यासारख्या उंचीच्या माणसास येथेही टाचा टेकणार नाहीत. फरक एवढाच, की तोल गेल्यास सव्वीस किलो कमी वजन सावरावे लागते.

सुझुकीच्या ‘व्ही-स्ट्रॉम एसएक्स’चे इंजिन २४९ सीसीचे, शक्ती साडेसव्वीस अश्वशक्ती आणि वजन १६७ किलो आहे. तिचे पुढील चाक १९ इंची असून चाके मिश्रधातूची व टायर ट्यूबविरहित आहेत. पंक्चर झाल्यास वाटेतच काही मिनिटांत पट्टी भरून पुढे जाता येते. ट्यूब असलेल्या चाकाचे तसे नसते, चाक उतरवावेच लागते. उलटपक्षी, तारांचे चाक दगडावर आपटून वाकले तरी गावातील कारागीर ते सरळ करू शकतो. मिश्रधातूच्या चाकास तडा गेला, तर बहुधा ते बदलावेच लागते. ज्यांचा नव्वद टक्के प्रवास डांबरी रस्त्यावर आहे, त्यांस ही गाडी अधिक सोयीची.

शक्तीला अगदीच महत्त्व नाही, असेही नव्हे. उंचीवर हवा विरळ होते व साध्या इंजिनाची शक्ती घटते. सांगला खोऱ्यातील छितकुल हे गाव सुमारे ३,४५० मीटर उंचीवर आहे. तेथे इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश शक्ती कमी होते. चोवीस अश्वशक्तीची गाडी तेथे सोळाच्या आसपास येते. एकट्या स्वारास ती पुरते. मागे माणूस व दोन पिशव्या असल्यास मात्र चढावर धाप लागते. म्हणून आपण एकटे जाणार की दुकटे, हा प्रश्न खरेदीपूर्वीच सोडवावा.

३५० सीसीची सीमारेषा

आता बँकेच्या भाषेत बोलू. या गाड्यांच्या किमतीत एक अदृश्य पायरी आहे, ती ३५० सीसीवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या गाड्यांवर पूर्वी उपकरासह ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. म्हणजे करपूर्व किंमत दोन लाख रुपये धरल्यास लहान गाडीवर कर ३६,००० रुपये, तर मोठीवर ८०,००० रुपये. त्यावर नोंदणीचा पथकर राज्यागणिक निराळा.

हीच रेषा विम्यातही आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी पाच वर्षांचा हप्ता ७,३६५ रुपये, तर ३५० सीसीवरील गाडीसाठी १५,११७ रुपये होता. ४५० सीसीची गाडी घेणे चूक नव्हे. पण तिच्या इंजिनासोबत आपण काय काय विकत घेत आहोत, ते ठाऊक असावे.

कर्जाची मुदत : माझी दुसरी चूक

नाल्यातील प्रसंगानंतर मी ती गाडी चौदा महिन्यांतच विकली. कर्ज २,१६,००० रुपयांचे, व्याजदर ११ टक्के, मुदत पाच वर्षे. मासिक हप्ता सुमारे ४,७०० रुपये, म्हणून हलका वाटला होता. विक्रीच्या वेळी कर्जाची शिल्लक सुमारे १,७५,६०० रुपये होती आणि गाडीचे आले १,४५,०००. उरलेले तीस हजारांवर रुपये मी बचत खात्यातून भरले. जो अधिकारी इतरांच्या कर्जाची तारणमूल्ये तपासतो, त्याचेच तारण कर्जापेक्षा कमी निघाले होते.

हेच कर्ज तीन वर्षांच्या मुदतीने घेतले असते, तर हप्ता सुमारे ७,०७० रुपये आला असता. चौदा महिन्यांनी शिल्लक सुमारे १,४०,३०० रुपये राहिली असती, म्हणजे विक्रीतून कर्ज पूर्ण फिटले असते. पूर्ण मुदतीचे व्याज पाहिले, तर तीन वर्षांत सुमारे ३८,६०० आणि पाच वर्षांत सुमारे ६५,८०० रुपये. दुचाकीची किंमत पहिल्या दोन वर्षांत वेगाने उतरते. कर्जही त्याच वेगाने उतरले पाहिजे. तीन वर्षांचा हप्ता पेलत नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे, असे समजावे.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

१. दालनात केवळ बसून पाहू नये. निदान एका पायाचा पुढील अर्धा तळवा भक्कम टेकतो का, हे उतरत्या जागेवर पाहावे.

२. विक्रेत्याच्या संमतीने, दुसऱ्याच्या मदतीने गाडी सावकाश एका बाजूस कलती करून सावरून पाहावी. हँडल आणि आसन धरून ती सरळ करता आली, तरच पुढे बोलावे.

३. आपण प्रत्यक्षात कोणत्या रस्त्यांवर, वर्षातून किती दिवस जाणार, हे कागदावर लिहावे. लडाखची एक सहल आणि उरलेले ३५० दिवस कार्यालय, असे चित्र असेल तर गाडी कार्यालयासाठी निवडावी.

४. जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे व क्लच तार, ब्रेक पॅड यांसारखे सुटे भाग तेथे मिळतात का, याची चौकशी करावी.

५. हेल्मेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट व गुडघ्याची संरक्षक साधने यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. माझा पाय त्या दिवशी बचावला, तो बुटांमुळे.

६. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन नोंदणी पुस्तकातील बोजा अवश्य कमी करून घ्यावा. अनेक ग्राहकांना ही आठवण गाडी विकण्याच्या दिवशी होते.

नंतर मी दोनशे सीसीची, हलकी, जुनी गाडी रोखीने घेतली आणि आसनाची गादी थोडी कापून घेतली. किन्नौरमधील उरलेली दोन वर्षे तिच्यावरून पाहणीची कामे केली. ती दोन वेळा पडली. दोन्ही वेळा मी ती एकट्याने उचलली. त्या बागाईतदारांचे कर्जही वेळेवर फिटले. शेवटचा हप्ता भरण्यास ते शाखेत आले, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे त्यांनी एकवार पाहिले आणि समाधानाने मान हलविली.